भिजवलेले बी आणि पावसाचा खंड

भाजीपाल्याचे बियाणे पेरणीपूर्वी पाण्यात, क्षारांच्या सौम्य द्रावणात, सॅलिसिलिक आम्लात किंवा जिवाणू संवर्धकांच्या रबडीत ठरावीक काळ भिजवून पुन्हा सुकवले तर त्यापासून उगवणारी रोपे पाण्याचा ताण सोसतात, आणि म्हणून हिंगोलीसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात ही प्रक्रिया दुष्काळावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरते, असा दावा कृषिविषयक लेखनात, मेळाव्यांतील भाषणांत आणि निविष्ठा विक्रेत्यांच्या पत्रकांत इतक्या सहजपणे केला जातो, की तो तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. या दाव्याचा पूर्वार्ध प्रयोगशाळेच्या मर्यादेत खरा आहे. उत्तरार्ध त्यातून निघत नाही. प्रक्रिया केलेले बी लवकर उगवते हे निर्विवाद आहे, परंतु लवकर उगवणे आणि दुष्काळ सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, हिंगोलीच्या पावसाच्या स्वभावात तर त्या काही वेळा एकमेकींच्या विरोधात जातात.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की ‘बीजप्रक्रिया’ या एकाच नावाखाली दोन वेगळी कामे चालतात. थायरमसारखे बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी बियाण्याला चोळली जाते ती मर, मूळकूज, रोपे कोलमडणे अशा रोगांपासून संरक्षणासाठी. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, हा क्रम शेतकऱ्यांच्या लक्षात राहावा म्हणून त्याला ‘एफआयआर’ असे गमतीचे नावही पडले आहे. हिंगोलीतील वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हळदीच्या पट्ट्यात लागवडीपूर्वीची बेणेप्रक्रिया अंगवळणी पडली आहे आणि तिचा हेतू कंदकूज रोखणे हा आहे. दुसरे काम म्हणजे बी मुद्दाम पाणी पाजून अर्धवट जागे करणे, ज्याला ‘सीड प्रायमिंग’ म्हणतात. पहिल्या कामाने कमावलेली पत दुसऱ्याच्या खात्यावर परस्पर जमा केली जाते, आणि ज्या शेतकऱ्याचा बुरशीनाशकावर अनुभवाने विश्वास बसला आहे त्याला त्याच शब्दात दुष्काळाची हमी विकली जाते. येथील आक्षेप या दुसऱ्या कामाविषयीच्या दाव्याला आहे. रोगप्रतिबंधक बीजप्रक्रियेला नाही.

प्रायमिंगने बियाण्यात नेमके काय घडते ते समजल्याखेरीज दाव्याची मर्यादा कळत नाही. कोरडे बी पाणी शोषते ते तीन टप्प्यांत: पहिल्या काही तासांत ते झपाट्याने फुगते, दुसऱ्या टप्प्यात पाण्याचे शोषण जवळजवळ थांबते, पण आत मोठी लगबग सुरू होते, साठवणुकीत झिजलेल्या जनुकीय धाग्याची डागडुजी होते, विकरे कामाला लागतात, टोमॅटोसारख्या बियांत आदिमुळाच्या टोकापुढची कठीण भिंत सैल पडते, तिसऱ्या टप्प्यात आदिमूळ कवच फोडून बाहेर येते आणि शोषण पुन्हा वाढते. प्रायमिंग म्हणजे बियाण्याला दुसऱ्या टप्प्यात नेऊन, आदिमूळ बाहेर पडण्यापूर्वी, पुन्हा सुकवणे. असे बी शेतात पडले की त्याची बरीच तयारी आधीच झालेली असते, त्यामुळे ते एक-दोन दिवस, थंड जमिनीत त्याहूनही अधिक, लवकर वर येते आणि सारखे उगवते. या खटाटोपात बी पक्व होताना तयार होणारी संरक्षक प्रथिने आणि पेशींना इजा करणारे प्राणवायूचे अतिक्रियाशील रेणू निकामी करणारी विकरे पुन्हा वाढतात, असेही अनेक अभ्यासांत आढळते, आणि ‘ताणाची स्मृती’ या भारदस्त शब्दप्रयोगाचा उगम तेथेच आहे.

आता या अभ्यासांतील ‘दुष्काळ’ कसा असतो ते पाहावे. काचेच्या थाळीत गाळणकागद अंथरून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल (पीईजी) या पदार्थाचे द्रावण ओततात. त्याचा रेणू इतका मोठा असतो की तो पेशीभित्तिकेत शिरत नाही, मात्र पाणी धरून ठेवतो, म्हणून बियाण्याला पाणी समोर असूनही ओढून घ्यावे लागते. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास स्थिर, अंधार-उजेड ठरलेला, माती नाही, बुरशी नाही. सात ते चौदा दिवसांनी मुळांची आणि कोंबांची लांबी मोजतात, तिला उगवणीच्या टक्केवारीने गुणतात आणि त्याला जोम निर्देशांक म्हणतात. प्रक्रिया केलेल्या रोपाचा निर्देशांक जास्त येतो आणि निष्कर्ष लिहिला जातो की प्रक्रियेने ताणसहनशीलता वाढली.

या पद्धतीतील दोष बारीक नाहीत. प्रक्रिया केलेले बी जर दीड दिवस आधी उगवले असेल, तर दहाव्या दिवशी मोजलेले त्याचे रोप शेजारच्या रोपापेक्षा दीड दिवसाने वडील असते, आणि त्या वयात दीड दिवस म्हणजे मुळाच्या लांबीत डोळ्यांनी दिसेल एवढा फरक असतो. वडील रोप उंच असणे याला सहनशीलता म्हणायचे असेल तर आठ दिवस आधी पेरलेले प्रत्येक रोप दुष्काळाचा वीर ठरेल. न्याय्य तुलना करायची तर दोन्ही रोपे उगवणीपासून समान वयाची झाल्यावर मोजली पाहिजेत. दुसरा दोष तुलनेसाठी ठेवलेल्या बियाण्याचा. कॅल्शियम क्लोराइड, पोटॅशियम नायट्रेट किंवा जिबरेलिक आम्ल यांत भिजवलेल्या बियाण्याशी कोरड्या बियाण्याची तुलना केली, तर लाभ औषधाचा की पाण्याचा हे कळायला मार्गच उरत नाही. साध्या पाण्यात तेवढेच तास भिजवलेले बी ही तिसरी रांग नसेल, तर तो प्रयोग औषध विकणाऱ्याच्या सोयीचा आहे, घेणाऱ्याच्या नव्हे. यातला विनोद असा की काही प्रयोगांत बियाण्यावर प्रक्रियाही पीईजीची असते आणि परीक्षेतला दुष्काळही पीईजीचाच.

पीईजीचा हा वापर ज्यांनी रूढ केला त्यांचा हेतूही विसरला गेला आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातील हायडेकर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये बियाणे परासरणी द्रावणात ठेवून त्वरित उगवण घडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढचा प्रश्न बी झटपट आणि एकसारखे कसे उगवेल हा होता, जो थंड वसंतात भाजीपाला पेरणाऱ्या देशाला स्वाभाविकपणे पडतो. त्या उपायाचे मराठवाड्याच्या उन्हाळ्याशी जुळवलेले नाते नंतरचे आहे.

याउलट दुष्काळ हाच हेतू मनात धरून झालेला मोठा प्रयत्न सोव्हिएत संघातला आहे. पी. ए. गेंकेल यांनी 1930 च्या दशकापासून बियाणे भिजवून सुकवण्याचे फेरे देऊन पिके आयुष्यभर दुष्काळाला कणखर बनतात असा सिद्धांत मांडला, त्याचा प्रसार झाला, आणि इतर देशांत जेव्हा तो ताडून पाहिला गेला तेव्हा फळ कधी मिळाले, कधी मिळाले नाही. ज्या उपायाचे फळ हंगाम, जात आणि जमीन यांनुसार असे पलटते, त्याला दुष्काळाची हमी म्हणता येत नाही.

समर्थक आपल्या बाजूने ज्या साक्षीदाराला हमखास उभा करतात, तोही त्यांना पूर्ण साथ देत नाही. वेल्समधील बँगोर विद्यापीठाचे डेव्हिड हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशातील शेतकऱ्यांना सोबत घेऊन मका, भात आणि हरभऱ्याचे बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पेरण्याचे प्रयोग केले आणि 1999 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उगवण लवकर झाली, नांग्या कमी पडल्या, पीक लवकर फुलले व लवकर हाती आले. पीक पाण्याचा ताण अधिक सोसते असेही त्यांनी नोंदवले, पण यांतले बहुतेक लाभ वेगाचे आहेत. त्याच लेखनात त्यांनी ‘सुरक्षित मर्यादा’ ही कल्पना मांडली: बी इतकेच तास भिजवावे की पाण्याबाहेर काढल्यावर, जमिनीतून आणखी ओल मिळाल्याखेरीज, ते स्वतःच्या बळावर पुढे उगवू लागणार नाही. पुढची ओल जमिनीने द्यायची आहे, हे त्या व्याख्येतच गृहीत आहे.

हिंगोलीचा प्रश्न नेमका या गृहीताचा आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा वार्षिक सरासरीने पाहिला तर अवर्षणग्रस्त म्हणावा असा नाही. साधारण आठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस येथे पडतो. पूर्णेवरील सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर यांच्या लाभक्षेत्राबाहेर, कयाधूच्या दोन्ही काठांवरच्या माळांवर, दुष्काळ बहुधा एकूण पाऊस कमी पडण्याचा नसून पावसाच्या खंडाचा असतो: मृगात एक सर येते, जमीन वरून ओली दिसते, पेरण्या उरकतात आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडे. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा हाच खंड हंगामाच्या ऐन मध्यावर आला. खंड दोन जागी पडू शकतो, पेरणीनंतर लगेच किंवा फुलोऱ्याच्या वेळी, आणि प्रायमिंगचा हिशेब दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या कारणांनी चुकतो.

पेरणीनंतरचा खंड आधी घ्यावा. कोरड्या बियाण्याची मोठी शक्ती म्हणजे त्याचा धीर. धूळपेरणीत पडलेले बी पावसाची वाट पाहत मातीत निपचित राहू शकते, कारण त्याच्यातील आठ-दहा टक्के ओलाव्यावर कोणतीही उगवणीची क्रिया सुरू होत नाही. भिजवलेल्या बियाण्याचा हा धीर आपण स्वतःहून खर्च करून टाकतो. ते नीट सुकवले असेल तर थोडाफार परत मिळतो. पण मर्यादेपेक्षा जास्त तास भिजले, आदिमुळाचे टोक दिसू लागले, आणि तसे बी वरवर ओल्या, खाली कोरड्या काळ्या जमिनीत पडले, तर ते मरते, कारण आदिमूळ बाहेर आल्यावर कोरडे पडूनही जगण्याची बियाण्याची क्षमता संपलेली असते. त्याच ओळीतले न भिजवलेले बी दुसऱ्या पावसावर उगवून येते. दुबार पेरणीची भीती ज्या शेतकऱ्याला सर्वांत जास्त, त्यालाच हा उपाय विमा म्हणून सुचवला जातो, ही यातली सर्वांत खटकणारी बाब आहे. प्रायमिंग ही ओलीवर लावलेली पैज आहे. ओल टिकली तर ती जिंकते, नाही तर साध्या बियाण्यापेक्षा जास्त हरते.

हिशेबही करून पाहावा. एक हेक्टर भेंडीला सुमारे दहा किलो बी लागते. त्याने स्वतःच्या वजनाइतके पाणी प्यायले असे धरले तरी ते दहा लिटर होते. जमिनीतून आणि पिकातून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून जात असेल, आणि उघडिपीच्या दिवसांत हे मान अतिशयोक्त नाही, तर एका हेक्टरावरून एका दिवसात पन्नास हजार लिटर पाणी जाते. शिवाय काळ्या चिकणमातीची खोड अशी की शंभर भाग मातीत वीसच्या आसपास भाग पाणी शिल्लक असतानाही रोप माना टाकते, कारण ते पाणी मातीच्या सूक्ष्म कणांनी इतके घट्ट धरलेले असते की मुळांना ओढता येत नाही. वर पापडी धरते, मग भेगा पडतात, आणि भेगांतून खालची ओलही उडते. गाळणकागदावरचा दुष्काळ यांपैकी काहीच करत नाही.

फुलोऱ्याच्या वेळच्या खंडासाठी ‘ताणाची स्मृती’ पुढे केली जाते. ही स्मृती रोपावस्थेत दिसते हे मान्य करूनही, पेरणीनंतर चाळीस-पन्नास दिवसांनी, जेव्हा भेंडीच्या झाडाची किंवा काकडीच्या वेलाची पाण्याची भूक शिगेला पोचते आणि फुलगळ सुरू होते, तेव्हा बियाण्यात बारा तास वाढलेल्या विकरांचा आधार उरतो असे धरायला भक्कम पुरावा लागेल. जो खरा धागा आहे तो वेगळा आणि साधा आहे. लवकर उगवलेल्या रोपाचे मूळ वरून खाली सुकत जाणाऱ्या मातीच्या पुढे राहून खोल ओलीपर्यंत पोचू शकते, आणि पोचले तर ते तगते. हा लाभ मोलाचा आहे, परंतु वाफशावर पेरणी झाली आणि खाली ओल होती या दोन अटींवरच तो मिळतो. पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नये हा सल्ला प्रत्येक खरिपात दिला जातो. त्या एका सल्ल्याचे पालन प्रायमिंगच्या सर्व पाककृतींपेक्षा अधिक रोपे वाचवते, आणि त्याला पैसा लागत नाही.

अर्धी भाजी तर या चर्चेच्या बाहेरच राहते. मिरची, वांगी, टोमॅटो ही पिके थेट पेरली जात नाहीत; त्यांची रोपे आता बहुधा रोपवाटिकेत कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये रोज पाणी देऊन वाढवली जातात आणि शेतकरी तयार रोपेच विकत आणतो. जे बी त्याच्या हाती येतच नाही त्यावर त्याने प्रक्रिया करावी असा उपदेश करण्यात अर्थ नाही, आणि पुनर्लागवडीच्या वेळी मुळे दुखावल्यावर बियाण्याने मिळवलेली दीड दिवसाची आघाडी तशीही पुसली जाते. तेथे काम करते ते लागवडीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करून, सावली काढून रोपे कणखर करणे.

थेट पेरल्या जाणाऱ्या भाज्यांतही सरसकट सूत्र चालत नाही. कारले, दोडका, दुधी यांच्या जाड कवचाच्या बिया रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून उबेला ठेवण्याची घरोघरची रीत योग्यच आहे, कारण तेथे अडथळा कवचाचा आहे आणि आळ्यात तांब्याने पाणी घालायला माणूस हजर असतो. उन्हाळी भेंडी जानेवारीच्या अखेरीस टोकताना भिजवलेले बी उपयोगी पडते, ते रात्रीच्या थंडीमुळे उगवण रेंगाळते म्हणून. श्रावणघेवड्याचे पातळ सालीचे बी मात्र पाण्यात टाकताच इतके वेगाने फुगते की आतल्या पेशींना इजा होते. सोयाबीनबाबत हा धडा जिल्ह्यातील शेतकऱ्याला वेगळा शिकवण्याची गरज नाही. दुकानातून आणलेल्या संकरित भेंडीचे बी तर बहुधा आधीच रंगीत औषधाने माखलेले असते. बियाणे नियम, 1968 नुसार अशा बियाण्यावर रसायनाचे नाव आणि ते खाण्यासाठी, पशुखाद्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये ही सूचना छापणे बंधनकारक आहे. ते घरच्या बादलीत भिजवले की औषध पाण्यात उतरते, बी उघडे पडते आणि विषारी पाणी अंगणात ओतले जाते. ‘सर्व बियाणे भिजवून पेरा’ असे फलकावर लिहिणाऱ्याने पाकिटावरचा मजकूर वाचलेला नसतो असेच म्हणावे लागते.

परंपरेचा हवालाही या वादात वारंवार येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सीताध्यक्षाच्या प्रकरणात धान्याचे बी सात रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवावे, शेंगवर्गीय बियाण्याला तीन किंवा पाच रात्री पुरेत, कठीण कवचाच्या बिया शेणाने माखाव्यात असे सांगितले आहे, आणि हे दुष्काळरोधक तंत्र होते असे आजचे प्रचारक सांगतात. मूळ ग्रंथात बियाण्याच्या या संस्कारांना दुष्काळाशी जोडलेले नाही. पाण्याच्या तुटीचा विचार त्याच प्रकरणात वेगळ्या जागी आहे: प्रदेशाप्रदेशाचे पर्जन्यमान, ज्यात गोदावरीच्या खोऱ्यातील अश्मक देशाचाही उल्लेख येतो, मोजून घ्यावे आणि त्यानुसार जास्त पाण्याचे किंवा कमी पाण्याचे पीक पेरावे. पावसाच्या तुटीला कौटिल्याने दिलेले उत्तर पीकनिवडीचे आहे, आणि अश्मकाच्या परिसरातील आजच्या लोकांनी तरी ते पान उलटून पाहायला हरकत नव्हती.

पीकनिवड आणि वाणनिवड यांचे सामर्थ्य परभणीच्या कृषी विद्यापीठानेच दाखवून दिलेले आहे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठातून ‘परभणी क्रांती’ ही भेंडी बाहेर पडली, जिने पिवळ्या शिरांच्या विषाणूजन्य रोगाला तोंड देण्याचा गुण रानभेंडीकडून संकराने घेतला. त्याच विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचा ‘बीडीएन 711’ हा तुरीचा वाण लवकर पक्व होऊन हंगामाअखेरचा ओलीचा ताण चुकवतो. हे गुण बियाण्याच्या वंशात असतात, पुढच्या पिढीला जातात आणि शेतकऱ्याच्या बादलीतल्या तासांवर अवलंबून नसतात. प्रायमिंगचा परिणाम वंशात उतरत नाही, दर हंगामी नव्याने करावा लागतो, आणि प्रक्रिया केलेले बी साठवणीत साध्या बियाण्यापेक्षा लवकर निकामी होते, म्हणजे पाऊस लांबला तर केलेली मेहनतही वाया जाते.

या दाव्याचा सर्वांत घातक परिणाम शेतीशास्त्राबाहेरचा आहे. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्यांची दखल घेतली. अशा प्रत्येक प्रकरणात दोष बियाण्याचा, ओलीचा की पेरणीच्या खोलीचा यावर पंचनामा अडतो. भेंडीच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता 65 टक्के आणि मिरचीची 60 टक्के असली पाहिजे असे मानक आहे, म्हणजे कायद्याने विक्रेत्यावर काही जबाबदारी टाकलेली आहे. शेतकऱ्याने तेच बी घरी भिजवले की विक्रेत्याला तयार सबब सापडते, आणि भिजवले नाही तर उपदेशकाला: प्रक्रिया केली नाही म्हणून रोपे गेली. पाण्याची तूट ही शेततळे, संरक्षित पाणी, आच्छादन, रुंद वरंबा-सरी पेरणी यांची बाब आहे, आणि 2018 पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोलीचा समावेश त्याच कारणाने झाला. तिला शेतकऱ्याच्या आळसाची बाब बनवणे सोयीचे आहे, कारण त्याला खर्च येत नाही.

दावा टिकवायचा असेल तर त्याची परीक्षा अवघड नाही. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, काळ्या जमिनीत, भेंडी आणि गवारीच्या तीन रांगा पेराव्यात: कोरडे बी, साध्या पाण्यात भिजवून सुकवलेले बी, आणि ज्या औषधाची शिफारस आहे त्यात भिजवलेले बी. निम्मे वाफे वाफशावर पेरावेत, निम्मे अपुऱ्या ओलीवर, पेरणीनंतर बारा दिवस त्यांवर प्लास्टिकचे छत धरून पाऊस अडवावा, रोपांची मोजणी उगवणीपासून समान वयाला करावी आणि तोडणी संपेपर्यंतचे उत्पादन लिहून ठेवावे. हेच तीन खरीप करावे. तोवर पत्रकावर ‘वाफशावर पेरल्यास उगवण एक-दोन दिवस लवकर होते’ एवढे वाक्य छापावे आणि ‘दुष्काळ’ हा शब्द त्यातून काढून टाकावा.